वरच्यांनी भिंत काढली म्हणून आपणही काढायची?

प्रश्न : नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा टू-रूम-किचन फ्लॅट आहे. इमारत १९७६ ची, तळ अधिक तीन, लिफ्ट नाही. सासूबाई वॉकर घेऊन चालतात, हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना दारात अडकतात. मुलाचं लग्नही ठरलंय. तेव्हा हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंतच काढून टाकावी, घर मोकळं होईल, असं आम्ही ठरवलं. ठेकेदार म्हणतो, ‘चार इंची पार्टिशन आहे, दोन दिवसांत उतरवतो, परवानगी-बिरवानगी काही लागत नाही.’ मी दाराच्या चौकटीशी टेप लावला तर भिंत साडेदहा इंच भरली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हीच भिंत बारा-तेरा वर्षांपूर्वी काढली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. आम्ही मात्र विचारायला गेलो, तर सेक्रेटरी म्हणतात महापालिकेची परवानगी आणा, आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात म्हणाले सोसायटीचं पत्र आणा. खालच्या मजल्यावरचे काका तर बोलायलाच तयार नाहीत. ठेकेदाराला पंचवीस हजार आगाऊ देऊन बसलोय. गणपतीच्या आधी काम व्हावं अशी इच्छा आहे. शिवाय स्वयंपाकघराचं दार वरून घासतं, सुतारानं दोनदा रंधा मारला. भिंत गेली की तेही दुखणं जाईल. काय करावं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

ताई,

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींपाशी मी थांबलो : साडेदहा इंच आणि वरून घासणारं दार. शिक्का कुणाचा, अर्ज कुठे, हे सगळं खाली सांगतो. त्याआधी ठेकेदाराला फोन करून काम थांबवायला सांगा. हे पत्र वाचून झाल्यावर नाही, आत्ताच.

साडेदहा इंचांचा हिशेब असा. नऊ इंची वीटकाम आणि दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून इंच-दीड इंच. म्हणजे तुमची भिंत नऊ इंची आहे. ज्याला आपण चार इंची म्हणतो ती खरं तर साडेचार इंची असते आणि गिलावा धरून साडेपाच-सहाच्या पुढे जात नाही. तुम्ही घरातला टेप लावून जे पाहिलंत ते पाहण्याचे कष्ट ठेकेदारानं घेतले नाहीत, आणि घण त्याच्या हातात द्यायचा आहे!

१९७६ च्या सुमारास ठाण्यात दोन्ही पद्धतींनी बांधकाम होत असे. काही इमारती आरसीसी खांब-बीमच्या, तर तीन-चार मजल्यांपर्यंतच्या बऱ्याच इमारती लोड बेअरिंग, म्हणजे खांबच नाहीत, स्लॅबचं ओझं थेट विटांच्या भिंतींवर. पहिल्या प्रकारात मधली भिंत ही निव्वळ आडोसा असू शकते. दुसऱ्या प्रकारात ती भिंत हाच खांब. तुमची कोणती, हे नुसत्या जाडीवरून ठरत नाही. नऊ इंची भिंतीवर नऊ इंचीच बीम असेल तर तो गिलाव्याखाली भिंतीशी असा सपाट मिळतो की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंजिनिअर छताच्या लगेच खाली वीतभर गिलावा खरवडून बघतो. आत काँक्रीट लागलं तर तिथे बीम आहे. स्लॅबला चिकटेपर्यंत विटाच विटा लागल्या तर त्या भिंतीवर स्लॅब टेकलेला आहे असं धरूनच पुढचं बोलायचं. घराच्या कोपऱ्यांत कुठे खांब बाहेर आलेले दिसत नाहीत, खालच्या मजल्यावर हीच भिंत याच रेषेत आहे, तळमजल्याच्या भिंती वरच्यांपेक्षा जाड आहेत, या खुणा तुम्हीही पाहू शकता. पण त्या अंदाजाला पुरतात, निर्णयाला नाही.

आता दार. सुतारानं पावसाळ्यात फुगलं म्हणून रंधा मारला असणार. लाकूड फुगतं ते मुख्यतः आडवं, उभ्या लांबीत फारसं नाही. त्यामुळे पावसाळ्यातलं दार सहसा कडीच्या बाजूला अडतं आणि दिवाळीपर्यंत आपोआप सैल होतं. तुमचं वरून घासतंय. एप्रिल-मेमध्येही घासत होतं का, ते आठवून बघा. होय असेल तर दार वाढलेलं नाही, चौकटीच्या वरचं काहीतरी खाली आलेलं आहे. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली भेग आहे का, तेही बघा. छताला लागून आडवी, केसासारखी बारीक रेघ असेल तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. उलट, भिंतीवर ओझं नसल्याची ती एक खूण ठरू शकते. तिरकी भेग मात्र फोटो काढून, बाजूला पेन्सिलीनं तारीख घालून ठेवायची. भिंत गेली की दाराचं दुखणं जाईल असं तुम्ही लिहिलंय. माझी शंका नेमकी उलटी आहे, की दार हे वरच्या भिंतीचं दुखणं सांगत असावं.

कारण वरच्यांची भिंत गेली तेव्हा गच्चीच्या स्लॅबचं ओझं कुठेतरी वळलं. हवेत तर ते राहत नाही. कुठे वळलं हे कुणी तपासलं नाही. बारा-तेरा वर्षं काही झालं नाही हे खरं, पण त्या बारा वर्षांत तुमची भिंत जागेवर उभी होती हेही तितकंच खरं. वरच्यांचा दाखला तुमच्या बाजूचा नाही, विरुद्ध बाजूचा आहे. इंजिनिअर येईल तेव्हा त्याला तिसऱ्या मजल्यावरचा तो भाग दाखवल्याशिवाय तुमच्या भिंतीबद्दल मत देऊ देऊ नका. वरच्यांना अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

घाबरवायचा हेतू नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा ठपका आला. जून २०२२ मध्ये नेरुळमध्ये सहाव्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना हॉलचा स्लॅब खाली आला आणि खालच्या मजल्यांचे हॉल घेत तळापर्यंत गेला. तिथे तर भिंतही काढायची नव्हती, फक्त फरशी बदलायची होती.

तेव्हा परवानगीची सुरुवात ना सेक्रेटरींकडून होते, ना प्रभाग समितीतून. दोघं तुम्हाला एकमेकांकडे पाठवताहेत, कारण दोघांपुढेही ठेवायला तुमच्याकडे कागदच नाही. पहिला कागद स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. महापालिकेकडे स्ट्रक्चरल ऑडिटरची, म्हणजे इमारतीची मजबुती तपासणाऱ्यांची, यादी असते, त्यातला घ्या. इंटिरियर डेकोरेटर नको, आणि ठेकेदाराचा ‘ओळखीतला इंजिनिअर’ तर मुळीच नको. त्याच्याकडून तोंडी ‘चालेल’ घेऊ नका. भिंत भार घेते की नाही, काढता येईल की नाही, काढायची तर किती रुंदीपर्यंत आणि वर काय घालून, हे नकाशा आणि हिशेबासह सहीनिशी लिहून घ्या. फी द्यावी लागेल, ती मॉड्युलर किचनच्या खर्चात किरकोळ आहे.

त्याला बोलावण्याआधी सोसायटीकडे लेखी अर्ज करून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं ऑडिट महापालिका कायद्यानंही बंधनकारक आहे. तुमची इमारत पन्नाशीला टेकली आहे, म्हणजे अहवाल असायलाच पाहिजे. नसेल तर तुमच्या भिंतीच्या कितीतरी आधी तोच विषय सर्वसाधारण सभेत यायला हवा. असेल तर श्रेणी बघा. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. ‘सी-२बी’ म्हणजे राहत असताना दुरुस्ती. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ. पहिल्या दोहोंत असाल तर भिंतीचा विषय तिथेच बंद करा. ‘सी-२बी’ असेल तर इमारतीची दुरुस्ती आधी, तुमचा हॉल नंतर.

इमारतीचा मंजूर नकाशाही लागेल. सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या शहर विकास विभागात माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक लक्षात असू द्या : ठाणे महापालिका झाली १९८२ मध्ये. तुमचा नकाशा मंजूर झाला तेव्हा इथे नगरपालिका होती. जुनं दप्तर सापडायला वेळ लागतो, कधी सापडतही नाही. इंजिनिअरला जागेवर मोजमाप घेऊन नकाशा करता येतो, त्यासाठी अडून बसू नका.

इंजिनिअरचा अहवाल हातात आला की सोसायटी. सभासदानं फ्लॅटमध्ये फेरफार करायचा तर समितीची आगाऊ लेखी परवानगी लागते, हे उपविधींतच आहे. सेक्रेटरींनी जिन्यात ‘करा हो’ म्हणणं ही परवानगी नव्हे. अर्ज, त्यासोबत अहवाल आणि नकाशा, पोच घेतलेली प्रत, आणि समितीच्या सभेत झालेल्या ठरावाची नक्कल एवढं हवं. समितीला घाम फुटत असेल तर ‘महापालिकेच्या आवश्यक मंजुरीच्या अधीन राहून हरकत नाही’ अशा शब्दांत ठराव मागा. सेक्रेटरी आणि प्रभाग समिती यांच्यामधला तुमचा झोका तिथे थांबेल.

महापालिकेचं उत्तर भिंत कोणती यावर अवलंबून आहे. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४३ मध्ये सवलत आहे : घराच्या आतल्या आत होणाऱ्या, बाहेरचं रूप न बदलणाऱ्या दुरुस्ती-सुधारणेला विकास परवानगी लागत नाही. ठेकेदारानं ऐकलंय ते बहुधा हेच. डिसेंबर २०२० पासून ठाणे आणि नवी मुंबईला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही किरकोळ कामांना अशी सूट आहे, पण इमारतीच्या मजबुतीला बाधा येणार नसेल तरच. आणि महापालिका कायदा सांगतो की छत पेलणाऱ्या भिंतीचा मोठा भाग काढायचा तर आधी आयुक्तांना नोटीस द्यायची. थोडक्यात, इंजिनिअरनं लिहून दिलं की हा नुसता आडोसा आहे, तर सोसायटीच्या ठरावावर काम होऊ शकतं. तरीही अहवालाची प्रत जोडून एक पत्र प्रभाग समितीला द्या आणि आवक शिक्का घ्या. उद्या कुणी तक्रार केली तर तोच शिक्का कामाला येतो. भिंत भार घेणारी निघाली तर मात्र परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत शहर विकास विभागात रीतसर प्रस्ताव, दुसरा रस्ता नाही. साठ दिवसांत उत्तर नाही आलं की परवानगी मिळाली असं समजायचं, असा सल्ला देणारे भेटतील. कायद्यात तशी तरतूद आहे, पण तिला अटी आहेत आणि त्या तरतुदीनं स्लॅब उचलून धरला जात नाही. विनापरवाना काम केलंत तर कलम ५२-५३ खाली नोटीस, दंड आणि ‘पूर्ववत करा’ हा आदेश येऊ शकतो. विटांची भिंत पुन्हा उभी करता येते, पण एकदा खचलेल्या स्लॅबला ती पूर्वीसारखा आधार देत नाही.

बऱ्याच वाचकांची घरं तुमच्यासारखी सोसायटीची नसतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. नौपाडा-चरईतल्या पागडीच्या घरात घरमालकाची लेखी संमती आधी घ्या. जागेचं कायमचं नुकसान केलं हे घर खाली करून घ्यायला मालकाला आयतं कारण होतं. वाशी-नेरुळमधल्या काही इमारतींत सोसायटी नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते. तिथे अपार्टमेंट कायदा आणखी कडक आहे : इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल असं काम बाकीच्या सगळ्या मालकांच्या एकमतानं दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. बहुमत चालत नाही, एकजण अडला तरी अडलं.

आता खालचे काका. तुमच्या पत्रात ते खलनायकासारखे आलेत, पण या कामात सगळ्यात जास्त घर त्यांचं वापरलं जाणार आहे. भार घेणारी भिंत काढताना आधी भिंतीच्या वरच्या भागात भोकं पाडून आडवे छोटे गर्डर घालतात. त्यांच्या दोन्ही टोकांना जॅक लावून वरचं ओझं त्यांच्यावर घेतात, मग खालच्या विटा काढून कायमचा गर्डर बसवतात. ते जॅक उभे राहणार तुमच्या फरशीवर. तुमची फरशी म्हणजे काकांचं छत. म्हणून त्याच रेषेत त्यांच्या हॉलमध्ये जॅक, त्यांच्या खाली तळमजल्यावरही जॅक, ओझं जमिनीपर्यंत पोचवलंच पाहिजे. म्हणजे लग्नघर तुमचं आणि लोखंडी टेकू काकांच्या सोफ्यासमोर, तेही इंजिनिअर काढा म्हणेपर्यंत. तेव्हा त्यांच्याकडे ‘एनओसीवर सही करा’ म्हणून जाऊ नका. इंजिनिअरला सोबत घेऊन जा, त्यांच्या छताचे आणि भिंतींचे फोटो दोघांसमोर काढा आणि प्रत त्यांना द्या. नुकसान झालं तर भरून देऊ हे सोसायटीच्या साक्षीनं लिहून द्या. त्यानंतरही ते नाही म्हणाले तर त्यांचं ‘नाही’ ऐकण्यासारखं आहे.

पाडकामाचंही वजन असतं, ते कुणी मोजत नाही. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, नऊ इंची भिंत गिलाव्यासह चार टनांच्या आसपास भरते. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो वापराचं ओझं धरून केलेला असतो. पाडलेल्या विटांच्या गोण्या हॉलच्या एका कोपऱ्यात रचून ‘रविवारी टेम्पो येईल’ म्हणणं म्हणजे तिथे तिप्पट ओझं टाकणं. रोजचं रॅबिट, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, रोज खाली गेलं पाहिजे, आणि लिफ्ट नसल्यामुळे ते डोक्यावरून जाणार. त्याची मजुरी आधीच ठरवा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका. छिन्नी-हातोडीनं, वरून खाली, थर-थर काढत यायचं. भिंतीतली वायरिंग आणि नळ आधी बंद करून वळवायचे. पाइप गॅस असेल तर त्या पाइपला गॅस कंपनीच्या माणसाशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

एवढं वाचून तुम्ही दमला असाल, म्हणून आता मला खरं काय वाटतं ते सांगतो. तुम्हाला भिंत काढायची गरज नाही. सासूबाई अडकतात ते दारात. जुन्या घरांत स्वयंपाकघराचं दार अडीच फुटांचं असतं, त्यातून चौकट आणि उघडं पान वजा केलं की वॉकरला कोपरं आपटतात. मोकळी वाट तीन फुटांची मिळाली, उंबरा काढला आणि दाराचं पानच ठेवलं नाही, तर त्या सहज आत-बाहेर करतील. भिंतीला तीन-साडेतीन फुटांची कमान आणि वर इंजिनिअरनं सांगितलेला लिंटेल (वरच्या विटा पेलणारा आडवा आधार), हे काम अख्खी भिंत काढण्यापेक्षा कितीतरी लहान आहे. त्यालाही इंजिनिअर आणि समिती लागतीलच, आधी दाराच्या वरचं दुखणं बघावं लागेल, पण परवानगी मिळण्याची शक्यता खूप वाढते. हॉलमध्ये उजेड हवा असेल तर ओट्याच्या वर एक सर्व्हिंग खिडकी करता येईल का तेही त्याला विचारा. ओपन किचन फोटोत छान दिसतं. सुकट भाजल्यावर किंवा मिरचीचा ठेचा झाल्यावर पाहुण्यांसकट सगळा हॉल ठसकतो, हे नव्या सूनबाईंनाही लवकरच कळेल.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे का, याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. नौपाड्यात पन्नास वर्षांच्या इमारतीत ती नसेल तर नवल. सभेत विषय आलेला असेल, आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) नेमायचं चाललं असेल, तर गर्डर-जॅकवर लाखांत खर्च करणं मला तरी पटत नाही. दार रुंद करा, रंग लावा, लग्न करा.

गणपतीच्या आधी भिंत काढणं विसरा, ते होणार नाही आणि घाईनं झालं तर ते वाईट होईल. भर पावसात जुनी इमारत भिजलेली असताना असल्या कामाला हात घालूही नये. तोवर अहवाल, ठराव, पत्रं एवढं उरकलं तरी पुष्कळ झालं. काम दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या पुढे धरा आणि मुलाचं लग्न त्याआधी असेल तर ते याच घरात, याच भिंतीसह होऊ द्या.

उरले पंचवीस हजार. ते बुडाले असं धरू नका. ठेकेदाराला सांगा की भिंतीचं काम इंजिनिअरचा कागद येईपर्यंत थांबलंय. आगाऊ रक्कम रंगकाम, ओट्याचं काम आणि नंतर इंजिनिअरनं ठरवलं तर दाराच्या रुंदीकरणात वळती करायची, आणि तसं पावतीवर लिहून सही करून द्यायची. तो तयार झाला तर ठीक. ‘मॅडम, आम्ही अशा शंभर भिंती काढल्यात’ असं पुन्हा म्हणाला, तर रक्कम परत मागा आणि दुसरा माणूस बघा.